मोजणीदारांचें वाङ्मय

हवामानबदलावरचें नवें इंग्रजी पुस्तक हातीं आलें कीं त्यांत काय असावयाचें याचा अंदाज वाचकाला आतां पहिलें प्रकरण उघडण्यापूर्वींच येतो. वितळणारा बर्फ, बुडूं पाहणारें एखादें बेट, चिंतातुर शास्त्रज्ञ, मंत्र्यांच्या परिषदा, आणि शेवटीं आशेचा एक चतकोर. अशीं पुस्तकें आम्हीं पुष्कळ वाचलीं आहेत. त्यांतलीं कांहीं उत्तम आहेत, आणि त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तीं वाचतांना एक शंका आम्हांस सतत छळीत आली आहे. या पुस्तकांत पानोपानीं आंकडे असतात. अमुक फूल इतके दिवस आधीं फुलूं लागलें, तमुक पांखरूं इतकें लवकर परतूं लागलें. हे आंकडे आणले कोणीं? ते कांहीं आकाशांतून पडलेले नसतात. कोणीतरी भल्या सकाळीं उठून, दंवांत गुडघे टेकून, एकेक फूल मोजलेलें असतें. पुस्तकांत आंकडा असतो, तो छापणाऱ्या प्राध्यापकाचें नांव असतें, क्वचित् त्याच्या दाढीचेंहि वर्णन असतें. गुडघे टेकणारा मात्र कोठेंच नसतो.

अमेरिकेंत या माणसाला 'फील्ड टेक्निशियन' म्हणतात. 'क्षेत्र-तंत्रज्ञ' हा त्याचा प्रतिशब्द कोशांत बसेल. जिभेवर बसावयाचा नाहीं. आमच्या भूमि-अभिलेख खात्यानें एक शब्द मात्र फार पूर्वींपासून वापरून गुळगुळीत केलेला आहे, तो म्हणजे 'मोजणीदार'. सांखळी घेऊन बांधावर उभा राहणारा, ज्याच्या नोंदीवर भावाभावांचे दावे चालतात, पण ज्याचें नांव दाव्यांत कधीं येत नाहीं, असा हा गृहस्थ. प्रस्तुत लेखांत आम्हीं तोच शब्द पत्करला आहे. तो पत्करण्यास आणखी एक कारण आहे, तें पुढें येईल.

हें काम कशा जातीचें असतें याची आम्हांस थोडी ओळख आहे ती ऐकीव आहे, पण जवळच्या माणसाकडून ऐकलेली आहे. आमची एक भाची वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन अमेरिकेंत गेली आणि तेथील एका डोंगरी संशोधनकेंद्रांत एक उन्हाळाभर मोजणीदार म्हणून राहिली. ती दर रविवारीं आम्हांस लिहीत असे. पहिल्या पत्रांत पर्वतांचें वर्णन होतें, दुसऱ्यांत डांसांचें. तिसऱ्यापासून पुढें जवळजवळ केवळ फुलांचें. चार खुंट्या आणि दोरी यांनीं आंखलेला, दोन मीटर लांब व तितकाच रुंद असा जमिनीचा तुकडा. त्यांत त्या दिवशीं उमललेलें प्रत्येक फूल मोजावयाचें. असे अनेक तुकडे, आणि दिवसाआड पुन्हां तेच तुकडे. उमललें म्हणावयाचें केव्हां? पाकळ्या सुटून आंतले केसर दिसूं लागले म्हणजे. सूर्यफुलाच्या कुळांतल्या झाडाचें एक बोंड हें शंभर फुलांचें असलें तरी एकच धरावयाचें. एकानें मोजावयाचें, दुसऱ्यानें आंकडा मोठ्यानें पुन्हां उच्चारून लिहावयाचा, म्हणजे वाऱ्यामुळें ऐकण्यांत चूक होत नाहीं. लिहावयाचें शिसपेन्सिलीनें, कारण पावसांत शाई पसरते. चुकलें तर खोडरबर वापरावयाचें नाहीं. एकच आडवी रेघ मारावयाची आणि शेजारीं बरोबर आंकडा लिहावयाचा, म्हणजे आधीं काय लिहिलें होतें तें मागून पाहणाराला दिसावें.

जुलैअखेरच्या एका पत्रांत मात्र निराळीच हकीकत होती. दुपारीं गडगडाट सुरू झाला; उंचावरच्या उघड्या माळावर वीज ही थट्टेची गोष्ट नव्हे. शेवटच्या तुकड्याचा एक कोपरा मोजावयाचा राहिला होता. परवां तेथें किती फुलें होतीं तें तिला पाठ होतें. तिनें तोच आंकडा लिहिला आणि उतरणीला लागली. रात्रीं झोंप येईना. सकाळीं उठून तिनें प्रमुखांना सांगितलें. ते रागावले नाहींत. त्यांनीं वही मागून घेतली, त्या संपूर्ण ओळीवर रेघ मारली, आणि समासांत 'मोजलें नाहीं' एवढेंच लिहून आपली सही केली. 'ते ओरडले असते तर बरें वाटलें असतें,' असें तिनें आम्हांस लिहिलें होतें. तें पत्र आम्हीं जपून ठेवलें आहे. हवामानावरच्या वीस पुस्तकांतून आम्हांस जें कळलें नव्हतें तें त्या पत्रानें कळलें: या शास्त्रांत खोटें किती सोपें आहे, आणि तें कोणालाहि कधीं सांपडणार नाहीं अशा जागीं किती वेळां टाळलें जातें.

तेव्हां प्रश्न असा कीं ही गोष्ट वाङ्मयांत कोणीं आणली आहे काय? आमच्या पाहण्यांत आलेलीं दोन पुस्तकें या कसोटीला लावून पाहावीं असें आम्हीं योजिलें आहे.

पहिलें रिचर्ड प्रायमॅक यांचें 'वॉल्डन वॉर्मिंग'. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयानें तें २०१४ सालीं प्रसिद्ध केलें. प्रायमॅक हे बॉस्टन विद्यापीठांतले वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनीं आपल्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें बोर्निओच्या अरण्यांत काढलीं, आणि मग एके दिवशीं त्यांच्या मनांत आलें कीं हवामानबदलाचा पुरावा आपल्या घराजवळ कां शोधूं नये? पुरावा शोधावयाचा तर जुन्या नोंदी पाहिजेत. त्या त्यांना मिळाल्या, आणि त्या ज्याच्या निघाल्या त्याचें नांव वाचून आमच्याप्रमाणेंच अनेकांना आश्चर्य वाटेल: हेन्री डेव्हिड थोरो. वॉल्डन तळ्याच्या कांठीं झोंपडी बांधून राहिलेला, कर नाकारून तुरुंगांत गेलेला, ज्याच्या निबंधाची वाखाणणी महात्मा गांधींनीं केली तो थोरो. या थोरोनें १८५० नंतरच्या दशकांत काँकॉर्ड गांवच्या तीनशेंहून अधिक जातींच्या वनस्पती प्रथम कोणत्या दिवशीं फुलल्या याचे मोठमोठे तक्ते आंखून ठेवले होते. ते त्याच्या हयातींत छापले गेले नाहींत.

येथेंच आमचा 'मोजणीदार' शब्द सार्थ होतो. तत्त्वज्ञ म्हणून ज्याची जगभर ख्याति, त्या थोरोचा पोटापाण्याचा धंदा जमिनीच्या मोजणीचा होता. काँकॉर्डच्या शेतकऱ्यांचे बांध त्यानें मोजले. वॉल्डन तळें अथांग आहे असें गांवकरी सांगत, तेव्हां त्यानें १८४६ च्या हिंवाळ्यांत गोठलेल्या बर्फाला भोंकें पाडून दोरीला दगड बांधून खोली घेतली, ती १०२ फूट भरली, आणि पुढील काळांतल्या मोजमापांनीं ती खरी ठरविली. आपल्या टोपींत रोपें ठेवण्यासाठीं त्यानें एक आडवी घडी करून घेतली होती; टोपी हीच त्याची पेटी. ज्याला आपण इतकीं वर्षें केवळ ऋषि समजत आलों, तो शास्त्राच्या दृष्टीनें एक प्रामाणिक मोजणीदार निघावा, हें या पुस्तकाचें खरें दान आहे असें आम्हांस वाटतें.

थोरोनंतर काँकॉर्डला आणखी एक विलक्षण गृहस्थ झाला. त्याचें नांव आल्फ्रेड हॉस्मर. हा गांवांतला दुकानदार. त्यानें १८८८ पासून १९०२ पर्यंत, आणि त्यापूर्वीं १८७८ सालीं, सुमारें सातशें जातींच्या फुलण्याच्या तारखा टिपल्या. कां टिपल्या? प्रायमॅक यांस ठाऊक नाहीं, आणि पुस्तक वाचून आम्हांसहि कळलें नाहीं. कोणीं सांगितलें नव्हतें, पैसे मिळत नव्हते, छापावयाचें नव्हतें. गल्ल्यावरून उठावें, दलदलींत जावें, फूल पाहावें, आणि तारीख लिहून पुन्हां गल्ल्यावर बसावें. असल्या माणसाबद्दल दोन पानांत आटोपतें घेणें हा या पुस्तकाचा आम्हांस जाणवलेला पहिला दोष. येथें लेखकानें थांबावयास पाहिजे होतें. तो शास्त्रज्ञ असल्यामुळें तक्ता मिळतांच पुढें निघाला.

तक्त्यांचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. वसंतांतील फुलें थोरोच्या काळाच्या मानानें सरासरी सुमारें दहा दिवस आधीं फुलूं लागलीं. वॉल्डनवरचा बर्फ त्याच्या वेळीं सरासरीनें एप्रिलच्या आरंभीं फुटत असे, तो आतां मार्चच्या मध्यासच फुटतो. थोरोनें पाहिलेल्या जातींपैकीं २७ टक्के काँकॉर्डमधून नाहींशा झाल्या आहेत, आणि आणखी ३६ टक्के इतक्या विरळ उरल्या आहेत कीं त्याहि जाण्याच्या वाटेवर आहेत. हे आंकडे प्रायमॅक व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केले. ऑर्किड, लिली अशा कुळांवर हा घाला अधिक पडला, कारण वाढत्या उष्म्याप्रमाणें आपली वेळ बदलणें त्यांना साधत नाहीं. प्रायमॅक यांच्या प्रामाणिकपणाची एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगितली पाहिजे. काँकॉर्डच्या आसपासची ऊब सगळीच पृथ्वीच्या उष्म्यामुळें आलेली नाहीं. बॉस्टन शहर वाढलें, डांबर आणि विटा वाढल्या, त्यांचाहि तींत वाटा आहे, असें ते स्पष्ट लिहितात. पक्षाची बाजू दुबळी करणारी गोष्ट वादी स्वतःच न्यायालयापुढें ठेवतो, त्यांतला हा प्रकार आहे.

परंतु आमची खरी तक्रार याहून खोल आहे, आणि ती थोडी शास्त्राची व थोडी वाङ्मयाची आहे. 'पहिलें फूल' ही गोष्ट दिसते तितकी साधी नाहीं. एखाद्या जातीचीं हजार झाडें असतील तर त्यांतलें एखादें उतावळें झाड लवकर फुलतेंच. दहाच उरलीं असतील तर तसें झाड सांपडणें कठीण, म्हणून पहिल्या फुलाची तारीख पुढें जाते, जरी ऋतूंत कांहीं बदल झालेला नसला तरी. शिवाय रोज हिंडणाराला पहिलें फूल सांपडतें. आठवड्यानें हिंडणाराला सांपडतें तें तिसरें किंवा चौथें. म्हणजे त्या तारखेंत केवळ झाडाचें वर्तन नाहीं. पाहणाराचे पाय, डोळे आणि चिकाटी हींहि मिसळलेलीं आहेत. थोरोचे पाय किती चालत हें आपणांस त्याच्या रोजनिशीमुळें माहीत आहे. प्रायमॅक व त्यांचा विद्यार्थी एब्रॅहॅम मिलर-रशिंग यांनीं आठवड्यांतून कित्येक वेळां काँकॉर्डची पायपीट केली, हेंहि पुस्तकांत आहे. पण ती पायपीट 'आम्हीं निरीक्षणें केलीं' अशा वाक्यांत संपून जाते. ज्या कामाच्या बारकाव्यावर आंकड्याचा खरेपणा अवलंबून, त्याचाच बारकावा लेखकानें कंटाळवाणा म्हणून गाळला. आणि त्याच्या जागीं काय घातलें? बॉस्टनच्या मॅरॅथॉन शर्यतींत धांवणारांच्या वेळेवर उष्म्याचा काय परिणाम होतो यावर एक प्रकरण, आणि साधेपणानें कसें जगावें यावर उपदेश. उपदेश चांगला आहे. पण तो थोरोनें अधिक चांगल्या इंग्रजींत आधींच केलेला आहे.

पहिल्या फुलाचा हा दोष ओळखूनच दुसरीकडे दुसऱ्या रीतीनें काम चाललें होतें. कोलोराडो प्रांतांत गॉथिक नांवाचें एक खाणकामगारांचें उजाड गांव आहे. खाण संपली, माणसें गेलीं, आणि १९२८ पासून तेथें रॉकी पर्वतांतलें जीवशास्त्र-केंद्र वसलें. समुद्रसपाटीपासून सुमारें २९०० मीटर उंच. तेथें डेव्हिड इनोये यांनीं १९७३ सालीं कांहीं तुकडे आंखून त्यांतलीं सर्व फुलें दिवसाआड मोजण्याचा क्रम सुरू केला. पहिलें फूल नव्हे, सगळीं फुलें. हा क्रम पुढें वर्षानुवर्षें चालला, आणि २०१४ सालीं ३९ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हां मोजलेल्या फुलांची संख्या वीस लाखांवर गेली होती. हिशेबांत असें दिसलें कीं फुलांचा एकूण हंगाम ३५ दिवसांनीं लांबला आहे, आणि पहिल्या फुलाची तारीख, बहराचा मध्य व शेवटचें फूल हीं तिन्हीं एकत्र सरकतात असें मुळींच नाहीं. कित्येक जातींत एक सरकतें आणि दुसरें जागच्या जागीं राहतें. म्हणजे ज्या एका तारखेवर इतके सिद्धान्त उभे होते ती एकटी अपुरी ठरली. हें समजण्यास वीस लाख वेळां कोणीतरी ओणवें व्हावें लागलें. त्याच कुरणांत जॉन हार्ट यांनीं १९९१ पासून विजेचे तापक टांगून जमिनीचा एक भाग वर्षानुवर्षें ऊन ठेवला. तेथें फुलझाडें हटलीं आणि सेजब्रश नांवाचें झुडूप पसरलें. तापक टांगणारे शास्त्रज्ञ प्रसिद्ध आहेत. तापक चालू आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं बर्फांतून गेलेल्यांचीं नांवें आम्हांस शोधूनहि सांपडलीं नाहींत.

याला एक अपवाद आहे, आणि तो गमतीचा आहे. बिली बार नांवाचे एक गृहस्थ १९७० नंतर गॉथिकला येऊन राहिले ते राहिलेच. हिंवाळ्यांत तेथें दुसरें चिटपाखरूं नसतें. करमणूक म्हणून त्यांनीं रोज पडणारा बर्फ मोजून वहींत लिहिण्यास आरंभ केला; कोणत्याहि शास्त्राचा हेतु त्यांच्या मनांत नव्हता. पुढें शास्त्रज्ञांना कळलें कीं या वहींत दशकांचा अखंड पुरावा पडला आहे. त्यांच्यावर २०१६ सालीं 'द स्नो गार्डियन' हा एक छोटा चित्रपट निघाला. तो सुंदर आहे, परंतु त्यानेंहि शेवटीं या माणसाचा साधु करून टाकला आहे. मोजणाराला साधु केलें कीं त्याच्या पगाराचा प्रश्न उरत नाहीं; हा वाङ्मयीन दोष आम्हांस निरुपद्रवी वाटत नाहीं.

पगाराचा प्रश्न ज्या पुस्तकानें टाळला नाहीं, तें दुसरें पुस्तक. होप जारेन यांचें 'लॅब गर्ल' हें आत्मचरित्र २०१६ सालीं निघालें आणि आत्मचरित्रासाठीं असलेलें तेथील समीक्षकमंडळाचें पारितोषिक त्यास मिळालें. जारेन या झाडांच्या आणि जुन्या हवामानाच्या अभ्यासक. उत्तर ध्रुवाजवळच्या, आतां ओसाड पडलेल्या बेटांवर कोट्यवधि वर्षांपूर्वीं अरण्यें होतीं. त्यांचे अवशेष खणून त्या काळची हवा कशी होती याचा माग त्यांनीं काढला. पुढें वाढत्या कार्बन डाय ऑक्साइडमध्यें रताळीं लावून पाहिलीं. रताळीं मोठीं झालीं, पण त्यांतलें पौष्टिक द्रव्य घटलें. हीं प्रकरणें महत्त्वाचीं आहेत, तरी पुस्तकाचा प्राण त्यांत नाहीं. तो आहे बिल या मनुष्यांत.

बिल हा त्यांचा साहाय्यक. पहिली भेट कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यांत, मातीचा अभ्यास करावयास गेलेल्या विद्यार्थ्यांच्या सहलींत. सगळे घोळक्यानें खड्डे खणीत आहेत, आणि हा एकटा दूर आपला खड्डा खणीत आहे. तेवढ्या एका दृश्यावरून लेखिकेनें माणूस ओळखला, आणि पुढें वीस वर्षांहून अधिक काळ त्या दोघांनीं एकत्र काम केलें. त्यांत प्रेमकथा नाहीं. आपल्याकडील वाचकाला आरंभीं तिची अपेक्षा होते, आणि ती अपेक्षा लेखिका हंसत हंसत मोडते. त्यांत आहे तें कामाचें सख्य. पैसा मिळे तोंवर पगार, न मिळे तेव्हां नाहीं. अटलांटाला असतांना बिलनें कांहीं काळ मोटारगाडींतच बिऱ्हाड केलें आणि मग प्रयोगशाळेच्या इमारतींत. सरकारी अनुदानाची मुदत संपत आली कीं लेखिकेला झोंप येत नाहीं, ती संशोधनासाठीं नव्हे, बिलच्या पगारासाठीं. तेथील व्यवस्थेंत प्राध्यापकाची नोकरी पक्की असते, साहाय्यकाची अनुदानापुरती. शास्त्र दीर्घकाळाचें, आणि तें करणारे हात तीन वर्षांच्या बोलीवर. ही विसंगति जारेन यांनीं आंकडेवार मांडली आहे आणि मांडतांना आवाज चढविलेला नाहीं. त्या प्रकरणाबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों.

आयर्लंडची हकीकत तर आमच्या मतें या पुस्तकांतलें सर्वोत्तम पान आहे. दोघांनीं चिखलांत हिंडून शेवाळाचे नमुने गोळा केले, एकेक कुपींत भरून प्रत्येकीवर खूण केली, नोंद केली, पुन्हां पडताळली. विमानतळावर परवाना नाहीं म्हणून ते सगळे नमुने कचऱ्यांत गेले. शास्त्राची हानि काय झाली असेल ती असो. त्या कुपींवर चिकटविलेल्या चिठ्ठ्यांचे तास वाचकाच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. काम वायां गेल्यावरच त्याचें वजन कळतें, हें लेखिकेनें वर्णन न करतां दाखविलें.

इतकें असूनहि आमचें समाधान पूर्ण झालें नाहीं. जारेन यांना बिलची विक्षिप्तता फार आवडते. तो स्वतःचे कापलेले केस झाडाच्या ढोलींत जपून ठेवतो, असलीं वर्णनें त्या रंगून जाऊन करतात, आणि हळुहळू बिल हा आमच्या जुन्या नाटकांतल्या विदूषकासारखा होऊं लागतो: राजाचा जिवलग, राजाहून शहाणा, पण नाटकाचें नांव राजाचें. त्याला हातानें काय येतें याचें आम्हांस याहून अधिक कळावयास हवें होतें. खड्ड्याची भिंत कशी साफ करावी म्हणजे मातीचे थर दिसतात, यंत्र बिघडलें तर तें कसें ओळखावें, हें पुस्तकांत आहे पण धांवतें आहे. शिवाय लेखिकेची शैली अधूनमधून इतकी उंचावते कीं एखाद्या बीजाचें अंकुरणें हें महाकाव्याचा सर्ग होऊन बसतें. बीजाला तें शोभतें, नेहमीं नाहीं.

कोणी म्हणेल, या कामांत रस तो कोणता? आमच्या साहित्यशास्त्रानें नऊ रस सांगितले. वीर म्हणावा तर शत्रु नाहीं. करुण म्हणावा तर मोजणारी तरुण मुलें सकाळीं हंसत कुरणांत जातात आणि दुपारीं डबा वांटून खातात. शांत म्हणावा तर डांस तो टिकूं देत नाहींत. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. आमच्या भाचीच्या त्या रात्रीच्या जागरणांत एका अख्ख्या कादंबरीइतका संघर्ष होता, आणि तो कोणत्या रसांत बसतो याची चिंता करण्याचें काम आम्हां टीकाकारांचें आहे, लेखकाचें नव्हे. अडचण रसाची नाहीं; अडचण ही कीं ज्यांच्याजवळ ही सामग्री आहे ते लिहीत नाहींत, आणि जे लिहितात ते बहुधा प्राध्यापक असतात. वर परीक्षिलेल्या दोन्हीं पुस्तकांचे लेखक अध्यापक आहेत, ही गोष्ट केवळ योगायोगाची नसावी.

आमच्या मराठीकडे पाहतां चित्र थोडें निराळें आहे. दुर्गाबाई भागवतांचें 'ऋतुचक्र' १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. पाहण्याची बारकाई ही कसोटी लावली तर हें पुस्तक प्रायमॅक यांच्या पुस्तकाहून कितीतरी वरचें आहे. कोणत्या महिन्यांत कोणतें झाड कसें दिसतें हें त्यांनीं जसें पाहिलें तसें पाहणारा डोळा दुर्मिळ. पण शास्त्रज्ञ त्या पुस्तकाजवळ आला तर रिकाम्या हातानें परतेल. कारण कोणत्या वर्षाचा चैत्र तें त्यांत नाहीं, आणि वर्ष असतें तरी आमची चांद्र मासगणना त्याच्या कामाला आली नसती. अधिक मासाच्या हिशेबामुळें एकच तिथि इंग्रजी पंचांगांत पुढेंमागें जवळजवळ महिनाभर हेलकावे खाते. दहा दिवसांचा फरक त्यांत कोठेंच्या कोठें बुडून जाईल. हा दुर्गाबाईंचा दोष नव्हे. त्यांना तक्ता करावयाचा नव्हता, पुस्तक करावयाचें होतें. तरीहि थोरोनें दोन्हीं केलीं, ही आठवण मनाला टोंचल्यावांचून राहत नाहीं. मारुती चितमपल्लींनीं वनाधिकारी म्हणून आयुष्य घालविलें आणि त्यांच्या लेखनांत वाटाडे, वनरक्षक, रानांत राहणारीं माणसें आपल्या ज्ञानासह येतात. पण तें ज्ञान शतकानुशतकांचें आहे, मोजणीवहींतलें नव्हे. बहावा, आंबा, पळस यांची पालवी आणि मोहोर टिपण्याचें काम 'सीझनवॉच' या उपक्रमाखालीं २०१० च्या सुमारापासून आपल्या देशांत शाळकरी मुलें करीत आहेत. त्यांतला एखादा मुलगा पुढें लिहिता होईल तर आम्ही त्याच्या पुस्तकाची वाट पाहूं.

एरवीं मोजणी आमच्याकडे नवी मुळींच नाहीं. तालुक्याच्या गांवीं पर्जन्यमापकाचें पाणी रोज सकाळीं साडेआठ वाजतां मापण्याची रीत आहे, मग तो दिवस दिवाळीचा असो कीं घरांत मर्तिक असो. त्याच्याहि आधीं, १८४० च्या सुमारास, केरो लक्ष्मण छत्रे हे सोळा-सतरा वर्षांचे असतांना कुलाब्याच्या वेधशाळेंत आर्लिबारसाहेबांच्या हाताखालीं साहाय्यक म्हणून लागले. तेथें चुंबकसूचीचे आणि हवेचे वेध ठरल्या घटकेला घ्यावयाचे असत, रात्र असो वा दिवस. पुढें केरूनाना मोठे गणिती झाले, 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' त्यांनीं १८६० सालीं प्रसिद्ध केलीं, डेक्कन कॉलेजांत टिळकांना गणित शिकविलें. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आणि विनोदी स्वभावाबद्दल आपण पुष्कळ वाचतों. पण कुलाब्याच्या त्या खोलींत समुद्राच्या वाऱ्यांत दिवा सांभाळीत, डोळ्यांवरची झोंप आवरीत, सुईवरचा आंकडा वाचणारा तो सोळा वर्षांचा मुलगा आमच्या वाङ्मयांत कोठें आहे? त्यालाहि एखाद्या रात्रीं मागल्या घटकेचाच आंकडा लिहून पडावें असें वाटलें असेल कीं नाहीं?

'लॅब गर्ल' आम्हीं आमच्या भाचीला वाचावयास दिलें. बिलबद्दल ती फारसें बोलली नाहीं. केसांची गोष्ट तिला अतिशयोक्त वाटली. शेवाळाच्या कुप्या कचऱ्यांत गेल्या तें पान मात्र आपण दोनदां वाचलें असें म्हणाली, आणि कुप्यांवरची खूण पेन्सिलीची होती कीं शाईची तें लेखिकेनें लिहावयास पाहिजे होतें, एवढी सूचना केली. पुस्तक अद्याप तिच्याचकडे आहे.